“पण त्याने हात कुठे उचलला?”

हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धा लागली की नाशिकची नाटकवेडी मंडळी परशुराम साईखेडकर नाट्यगृहाची वाट धरतात. नाटक कसंही असो, पडदा पडल्यावर बाहेर गाड्या काढता काढता जी चर्चा होते ती चुकवू नये. नाटक बिनसलेल्या नवराबायकोचं असेल तर तिथे हमखास दोन तट पडतात. कॉलेजातली पोरं म्हणतात, “हा माणूस टॉक्सिक आहे, सरळसरळ गॅसलाइटिंग करतोय.” त्यांचे काका-मावश्या म्हणतात, “अरे, पण त्याने हात कुठे उचलला? तापट असेल, तोंडाचा फटकळ असेल. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागणारच.”

पोरांना शब्द मिळालेत, पण ते कुठे लावायचे हे नीट ठाऊक नाही. त्यामुळे फोन उचलला नाही म्हणून चिडलेला नवराही टॉक्सिक आणि बायकोला दहा वर्षं धाकात ठेवणाराही टॉक्सिक. मोठ्यांकडे अनुभव आहे, पण त्यांची मोजपट्टी एकच, मार. मार नाही म्हणजे सगळं ठीक. या दोन्हींच्या मधला जो मोठा पट्टा आहे, जिथे कुणी कुणाला मारत नाही पण एकाचा जीव मुठीत असतो, तो कसा ओळखायचा ते पाहू. त्यासाठी नाटकाचाच आधार घेतो. खऱ्या आयुष्यात दार लागलं की आतलं आपल्याला दिसत नाही, नाटकात आपण आतच बसलेलो असतो.

एक तसबीर आणि एक बायबल

ज्या नाटकामुळे ‘गॅसलाइटिंग’ हा शब्द जगभर पसरला ते ‘गॅस लाइट’ हे नाटक पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज लेखकाचं. ते १९३८ मध्ये रंगभूमीवर आलं. गोष्ट घडते १८८० च्या लंडनमध्ये. पुष्कळांना १९४४ चा इन्ग्रिड बर्गमनचा सिनेमा ठाऊक असतो, पण आपल्या कामासाठी मूळ नाटकाचा पहिला अंक पुरे.

चहाची वेळ. मॅनिंगहॅम नावाचा गृहस्थ आणि त्याची बायको बेला. शेकोटीत कोळसा घालायचाय. बेला स्वतःच उठायला लागते. तो अडवतो, नोकर कशाला ठेवलेत? घंटा वाजवून तरुण मोलकरणीला बोलावतो आणि थट्टेथट्टेत तिच्या रंगरूपाचं कौतुक करता करता बायकोच्या उतरलेल्या चेहऱ्यावर घसरतो. मोलकरीण गेल्यावर बेला म्हणते, तिच्यासमोर असं का बोललात? तर तो उलट विचारतो, मी काय बोललो? तुझ्या मनाचे खेळ आहेत.

मग त्याचा नूर एकदम पालटतो. तो तिला नाटकाला नेण्याचं कबूल करतो. सुखांतिका बघायची की शोकांतिका, तूच निवड, म्हणतो. बेला हरखून जाते. ती आनंदात असतानाच त्याचं लक्ष भिंतीकडे जातं. तिथली तसबीर जागेवर नाही. “ताबडतोब होती तिथे लाव,” एवढंच तो म्हणतो. बेला शपथेवर सांगते की मी हात लावलेला नाही. तेव्हा तो दोन्ही मोलकरणींना बोलावतो आणि बायकोच्या डोळ्यांदेखत त्यांना बायबलची शपथ घ्यायला लावतो. त्यांनी तसबीर काढलेली नाही, मग उरलं कोण? बेला शोधायला लागते आणि तसबीर एका कपाटामागे सापडते, कारण याआधीही ती तिथेच सापडली होती. तो म्हणतो, बघ, तुला कुठे आहे ते माहीत होतं. नाटकाचा बेत रद्द.

प्रसंग एवढाच. तसबीर त्यानेच लपवलेली असते, हे प्रेक्षकाला नंतर कळतं. पण बेलाची कोंडी बघा. शोधलं नसतं तर ती हट्टी ठरली असती, शोधलं तर चोर ठरली. आनंद झाला तो तिच्याच अंगावर आला. साक्षीला नोकर उभे केल्यामुळे आता घरात तिच्या शब्दाला मोलकरणीच्या शब्दाइतकीही किंमत राहिली नाही. शिवाय तिची आई वेडात गेलेली, हे तिला ठाऊक आहे आणि तिला ते ठाऊक आहे हे नवऱ्याला ठाऊक आहे. रोज रात्री तो बाहेर गेला की थोड्या वेळाने दिवा आपोआप मंद होतो. तो लपून वरच्या मजल्यावर दिवा लावत असतो, त्यामुळे खालच्या दिव्याचा गॅस कमी पडतो. पण हे कुणाला सांगायची तिची छाती होत नाही. सांगितलं तर वेडाचा आणखी एक पुरावा.

समोरच्याला पद्धतशीरपणे वेड्यात काढून त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा, कानांवरचा, आठवणीवरचा भरवसा उडवणं, याला गॅसलाइटिंग म्हणतात. नुसतं खोटं बोलणं म्हणजे गॅसलाइटिंग नव्हे. ‘मी कालच दळण आणलं होतं’ यावरून नवराबायकोत जी हुज्जत होते तीही नव्हे. इथे हेतू असतो तो समोरच्याने स्वतःचं खरं मानायचं सोडून द्यावं आणि खरं काय ते आपल्यालाच विचारावं हा.

धाक कुठून येतो

आता मूळ मुद्दा. लागेल असं सगळेच बोलतात. बायकोही रागात नवऱ्याला ‘तुमच्या डोक्यात काही शिरत नाही’ म्हणते आणि नवरा पेपरमधून डोकं वर न काढता ‘हो’ म्हणतो. मॅनिंगहॅमच्या बोलण्याने मात्र बेलाच्या अंगाला कापरं भरतं. फरक वाक्यात नाही, वाक्याच्या मागे काय उभं आहे त्यात आहे. त्याच्या हातात घरखर्चाचा पैसा आहे, नोकर त्याचे आहेत, बाहेर जायची मुभा त्याला आहे, आणि उद्या तो डॉक्टरला ‘हिला वेड लागलंय’ म्हणाला तर डॉक्टर त्याचं ऐकेल एवढी त्याची पत आहे. बेलाच्या हातात यातलं काहीच नाही.

नात्यातला सत्तेचा असमतोल तो हाच. दोघांपैकी एकाला ‘नाही’ म्हणणं स्वस्त पडतं, दुसऱ्याला महाग. तेव्हा कुठल्याही जोडप्याविषयी मत बनवण्याआधी, मग ते रंगमंचावरचं असो की शेजारच्या बिल्डिंगमधलं, मी एकच प्रश्न विचारते. तिने ‘नाही’ म्हटलं, तर पुढच्या आठवड्यात काय होतं?

समजा, गंगापूर रोडच्या एका फ्लॅटमध्ये नवरा म्हणाला, “या रविवारी निफाडला आईकडे नको जाऊस.” बायको म्हणाली, “मी जाणार.” एका घरात थोडी धुसफूस होईल. तो तोंड पाडून टीव्ही बघत बसेल आणि रात्री ती परत आली की विचारेल, “आईंनी द्राक्षं दिली का?” दुसऱ्या घरात तो काहीच बोलणार नाही. पण सोमवारी मुलाच्या क्लासची फी भरायची राहून जाईल. मंगळवारी स्कूटीची चावी सापडणार नाही. बुधवारपासून सासूबाईंचं बोलणं बंद होईल, कारण त्यांच्या कानावर काहीतरी भलतंच गेलेलं असेल. पुढच्या महिन्यात आईचा फोन आला की तीच म्हणेल, “या वेळी नाही गं जमायचं.” त्यानंतर त्याला मनाई करावीच लागत नाही. बाहेरच्यांना वाटतं, हिलाच माहेरची ओढ नाही. घर शांत असतं. शेजारी म्हणतात, किती गुण्यागोविंदाने नांदतात.

बायको कमावती आहे म्हणजे बरोबरी आली, हाही एक गोड गैरसमज. पगार तिच्या खात्यात येतो, पण एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात, बँकेचा ओटीपी त्याच्या मोबाइलवर, फ्लॅट त्याच्या नावावर आणि हप्ता तिच्या पगारातून. महिन्याला चाळीस हजार कमावणारी बाई शंभर रुपयांच्या रिक्षाभाड्याचा हिशोब देत असेल तर तिची कमाई तिची नाही.

हेन्रिक इब्सेन या नॉर्वेच्या नाटककाराने हे फार बारकाईने टिपलंय. त्याचं ‘अ डॉल्स हाउस’ १८७९ मधलं. त्यातला नवरा टोर्वाल्ड बायकोला, नोराला, लाडाने चंडोल म्हणतो, खारुताई म्हणतो. तिने गोड बिस्किटं खाऊ नयेत म्हणून नजर ठेवतो, दातांच्या काळजीपोटी! आणि घराच्या टपालपेटीची किल्ली फक्त त्याच्याकडे असते. नोराच्या सगळ्या आयुष्याचा निकाल लावणारं पत्र त्या पेटीत पडलेलं आहे, काचेतून दिसतंय, पण ती पेटी उघडू शकत नाही. मला विचाराल तर मॅनिंगहॅमपेक्षा टोर्वाल्ड जास्त भीतिदायक आहे. मॅनिंगहॅम खुनी निघतो, त्यामुळे प्रेक्षक निर्धास्त होतो. असा माणूस आपल्या घरात नाही! टोर्वाल्ड मात्र सभ्य आहे, नोकरीत वर चढलेला आहे, बायकोवर आपलं प्रेम आहे असं त्याला मनापासून वाटतं. असे पुष्कळ असतात, आणि आपण वाईट वागतोय याचा त्यांना पत्ताही नसतो.

तीच तीच शस्त्रं

अमेरिकेतल्या डुलुथ गावात १९८४ मध्ये कार्यकर्त्यांनी नवऱ्याच्या जाचातून गेलेल्या बायकांशी बोलून, त्यांच्या अनुभवांवरून एक चक्र काढलं. मधोमध ‘सत्ता आणि ताबा’ हे शब्द, भोवती आऱ्यांसारखे प्रकार: धाक दाखवणं, पाणउतारा करणं, माणसांपासून तोडणं, ‘असं काही झालंच नाही’ म्हणणं, मुलांना मध्ये घालणं, पैशांची नाकेबंदी. प्रत्यक्ष मारहाण चक्राच्या कडेला, सगळ्या आऱ्यांना बांधून ठेवणाऱ्या धावेसारखी. एकदाच कधीतरी मारलेलं असतं किंवा नुसतं मारायला धावलेलं असतं, आणि पुढे सगळ्या आऱ्यांना तेवढ्यावर बळ मिळत राहतं.

यातलं माणसांपासून तोडणं सगळ्यात कमी लक्षात येतं, कारण ‘तिला भेटायचं नाही’ असं कुणी म्हणतच नाही. मैत्रीण घरी आली की तो पाहुणीसमोर काहीतरी असं बोलतो की दोघी ओशाळतात. दोनदा असं झालं की मैत्रीण यायची बंद होते. भावाला उसने पैसे मागून त्या व्यवहारावरून बिनसवलं जातं. ‘तुझ्या माहेरच्यांना आपलं बरं बघवत नाही’ हे वाक्य तिला इतक्या वेळा ऐकवलं जातं की आईने काळजीने केलेला फोनही चौकशी वाटायला लागतो. शेवटी एक वेळ येते की कुठलीही गोष्ट ताडून बघायला तिच्याकडे नवऱ्याखेरीज दुसरं माणूस नसतं. गॅसलाइटिंग त्यानंतरच जमतं. ‘दिवा मलाही मंद झालेला दिसला’ म्हणणारं एकही माणूस आसपास असेल तर ते चालत नाही. नाटकातही बेला सावरते ती एका म्हाताऱ्या, निवृत्त पोलीस अधिकाऱ्याला तो दिवा दिसतो तेव्हा.

अबोल्याचंही तसंच. रागावून दोन तास न बोलणं वेगळं आणि कारण न सांगता आठ-आठ दिवस घरात ती नाहीच असं वागणं वेगळं. पहिल्यात माणूस स्वतःला आवरतो, दुसऱ्यात समोरच्याला आवळतो. ओळखण्याची खूण ही की दुसरा अबोला तिने माफी मागितल्यावरच सुटतो, आणि माफी कशाबद्दल हे तिला माहीत नसतं.

पकडलं गेल्यावर उलटा कांगावा हे आणखी एक. जेनिफर फ्रेड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ मध्ये त्याचा क्रम मांडला: आधी नाकारायचं, मग विचारणाऱ्यावर तुटून पडायचं, मग आपणच बळी असल्याचं दाखवायचं. “तू माझा मोबाइल का बघितलास?” असं तिने विचारलं की पाच मिनिटांत विषय “तुझा माझ्यावर विश्वासच नाही, एवढं करूनही मला घरात किंमत नाही” इथे येतो आणि ती त्याची समजूत काढत बसते. मोबाइलचा प्रश्न तिथेच राहतो.

आणि ‘तू गेलीस तर मी जीव देईन’. ही धमकी पोकळ समजून सोडून देऊ नये आणि तिच्या ओझ्याखाली दबूनही राहू नये. कुणी खरंच असं म्हणत असेल तर त्याला मदतीची गरज आहे. त्यासाठी सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, घरातली इतर माणसं आहेत, डॉक्टर आहेत. त्याला जिवंत ठेवण्याची एकटीची जबाबदारी बायकोवर टाकणं, हाच त्या वाक्यातला फास असतो.

मग ती निघून का जात नाही?

प्रत्येक नाटकानंतर हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक वेळा बाईचीच उलटतपासणी व्हावी अशा सुरात येतो. त्याची काही उत्तरं सरळ आहेत. पैसा नाही, राहायला जागा नाही, मुलांची शाळा, ‘लोक काय म्हणतील’, आणि माहेरी गेलं तरी चार दिवसांत परत पाठवतील याची खात्री. शिवाय निघण्याचा काळच सगळ्यात धोक्याचा असतो, ताबा सुटतोय असं दिसलं की आजवर हात न उचललेलाही उचलतो. ज्या बाईला आपल्या माणसाचा स्वभाव माहीत आहे तिचं थांबणं हा कित्येकदा भित्रेपणा नसून अंदाज असतो.

पण एक उत्तर सरळ नाही, आणि बाहेरच्यांना तेच पटत नाही. तिला तो अजून आवडतो. सतत वाईट वागणारा माणूस सोडणं त्या मानाने सोपं. कधी वाईट, कधी विलक्षण चांगला वागणारा सुटत नाही. लासलगावच्या बाजूचा शेतकरी दर वर्षी कांदा का लावतो ते आठवा. दोन वर्षं भाव पडतो, गाडीभाडंही सुटत नाही, कांदा रस्त्यावर ओतावा लागतो. तिसऱ्या वर्षी अचानक असा भाव लागतो की घरावर छत घातलं जातं, पोरीचं लग्न होतं. पुढची पाच वर्षं तो त्या एका वर्षाच्या आशेवर लावत राहतो. भाव दर वर्षी पडलेलाच राहिला असता तर त्याने कधीच पीक बदललं असतं. मानसशास्त्रात याला अनियमित बक्षीस म्हणतात. बक्षीस कधी मिळणार हे माहीत नसेल तर सवय सर्वांत चिवट होते, हे प्रयोगशाळेत प्राण्यांवरही दिसलेलं आहे. मॅनिंगहॅमने नाटकाला नेतो म्हटल्यावर बेलाला जो आनंद होतो तो या जातीचा. डटन आणि पेंटर या संशोधकांनी १९८१ मध्ये अशा नात्यांविषयी लिहिताना दोनच गोष्टी पुरेशा मानल्या: सत्ता एकाकडे झुकलेली असणं, आणि जाच व जिव्हाळा आलटून पालटून मिळणं. यातून जी ओढ तयार होते तिला ट्रॉमा बाँडिंग म्हणतात. तिचा मूर्खपणाशी काही संबंध नाही. शिकलेल्या, हुशार, ऑफिसात दहा जणांना सांभाळणाऱ्या बायकाही यात असतात.

आणि निघून गेलेली बाई तरी लोकांना कुठे आवडते? नोरा शेवटी नवऱ्याचं घर सोडते. जर्मनीत हे नाटक करायचं ठरलं तेव्हा तिथल्या नामवंत नटीने, ‘मी माझ्या मुलांना सोडून कधीच जाणार नाही’ म्हणत तो शेवट करायला नकार दिला. दुसऱ्या कुणी बदलण्याआधी आपणच बदललेला बरा म्हणून इब्सेनने नाइलाजाने दुसरा शेवट लिहून दिला, त्यात नोरा मुलांकडे बघून थांबते. त्या शेवटाला त्याने स्वतःच रानटी अत्याचार म्हटलंय.

‘असं तर प्रत्येक घरात चालतं’

काही अंशी खरं आहे. टोमणा, अबोला, रुसवा, भावनेला हात घालून काम करून घेणं, हे आईपण करते, मुलंपण करतात. ‘तू जेवला नाहीस तर मीही जेवणार नाही’ हे आपल्याकडचं सर्वांत जुनं भावनिक ब्लॅकमेल आहे आणि त्याविरुद्ध कुणी कोर्टात जाऊ नये. एकेक प्रसंग सुटा काढून दाखवला तर कुणीही म्हणेल, एवढ्यावरून? पाहायचं असतं ते तीन बाजूंनी. हे पुन्हा पुन्हा होतं का, नेहमी एकाच दिशेने होतं का, आणि त्यामुळे एकाचं जग आकसत चाललंय का. पाच वर्षांपूर्वी तिच्या चार मैत्रिणी होत्या, गाण्याचा क्लास होता, स्वतःचं खातं होतं, मोठ्याने हसायची. आज यातलं काय उरलंय? भांडणाऱ्या पण बरोबरीच्या जोडप्यात दोघांचीही जगं शाबूत असतात.

‘संशय घेतो म्हणजे प्रेम आहे’

ही कल्पना पसरवून मालिकांनी फार नुकसान केलंय. नायिकेचा हात धरून ओढत नेणारा, ती कुणाशी बोलली म्हणून भिंतीवर मूठ आपटणारा नायक, आणि मागून व्हायोलिन. संगीत बंद करून तोच प्रसंग बघितला तर पोलिसांना फोन करावासा वाटेल.

आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे एनएफएचएसमध्ये, विवाहित बायकांना मारहाणीखेरीजही काही प्रश्न विचारतात. परपुरुषाशी बोललीस तर नवरा चिडतो का? मैत्रिणींना भेटू देत नाही का? माहेरच्यांशी संबंध कमी करायला बघतो का? तू कुठे आहेस हे त्याला सतत माहीत असावं असा आग्रह असतो का? पैशांबाबत तुझ्यावर विश्वास नाही का? दारोदार फिरणाऱ्या सरकारी पाहणीच्या फॉर्मवर हे प्रश्न आहेत, म्हणजे ते कॉलेजातल्या पोरांचं फॅड नाही. चारचौघांत अपमान करणं, तिला किंवा तिच्या जवळच्या कुणाला इजा करण्याची धमकी देणं, तिला स्वतःविषयी वाईट वाटेल असं बोलणं, या गोष्टींची नोंद ती पाहणी भावनिक हिंसा म्हणून करते.

‘बायका काय कमी असतात?’

नसतात. नवऱ्याला मुलांचं तोंड बघू न देण्याची धमकी देणारी, त्याच्या आईवडिलांशी त्याला बोलू न देणारी बाई असते, आणि असा पुरुष कुणाला सांगायला गेला तर हसण्यावारी नेतात. हिंदू विवाह कायद्यात क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट नवराही मागू शकतो. समर घोष विरुद्ध जया घोष या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक क्रूरतेची जी उदाहरणं सविस्तर दिली, तो खटला नवऱ्याचाच होता.

वरची कसोटी इथेही लावावी: ‘नाही’ म्हणण्याची किंमत कोण मोजतं? घर, नातेवाईक, पैसा आणि रिवाज आपल्या समाजात बहुतेक वेळा नवऱ्याच्या बाजूने झुकलेले असतात, म्हणून ती किंमत बहुतेक वेळा बायको मोजते. सासू-सून, मोठा भाऊ-धाकटा भाऊ, नाटकाचा दिग्दर्शक आणि नवखी नटी, कसोटी सगळीकडे लागू पडते. शेवटचं उदाहरण आपल्या हौशी रंगभूमीवर कुणी फार बोलत नाही, पण बोलायला हवं.

कायदा काय म्हणतो

‘हात उचलला नाही’ हा बचाव कायद्याने कधीच मोडीत काढलाय. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबर शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळही आहे. अपमान, टिंगल, मूल किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणं, घरखर्चाचे पैसे अडवणं, स्त्रीधन विकून टाकणं, घरात येऊ न देणं, सगळं त्यात येतं. कुठलीही कृती हिंसा आहे का हे ठरवताना प्रकरणातली सगळी परिस्थिती एकत्र बघावी, असंही तिथेच म्हटलंय. सुटा प्रसंग काढून ‘एवढ्यावरून?’ विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे.

या कायद्याखाली बाई संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. त्रास थांबवण्याचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा हे मागता येतं. घर तिच्या नावावर नसलं तरी राहण्याचा हक्क जात नाही. अर्ज पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे नाशिकच्या सीबीएस बसस्थानकासमोरच्या जिल्हा न्यायालयात एक चक्कर मारलेल्या कुणालाही सांगायला नको. संरक्षणाचा आदेश मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेबद्दलचं, पूर्वीच्या दंड संहितेतलं कलम ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आहे, आणि क्रूरतेच्या व्याख्येत मानसिक आरोग्याला गंभीर इजा होईल असं वागणंही येतं. इंग्लंडने तर २०१५ च्या कायद्यात नात्यात धाकदपटशाने ताबा ठेवणं हाच स्वतंत्र गुन्हा केला, त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पुराव्याचं काय? भावनिक छळाचे वळ दिसत नाहीत, म्हणून कागद लागतात. तारीखवार टिपणं, मेसेज, बँकेची स्टेटमेंटं, डॉक्टरच्या चिठ्ठ्या. आणि हे सगळं घरात किंवा त्याला उघडता येणाऱ्या फोनमध्ये न ठेवता विश्वासातल्या माणसाकडे. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी मोफत वकील मिळतो, त्यासाठी १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक आहे. महिला हेल्पलाइन १८१, तातडीचं असेल तर ११२.

आपण शेजारी असू तर

सर्वांत सोपी चूक म्हणजे “सोड त्याला, आजच बॅग भर” असं फर्मान सोडणं. आधीच एक माणूस तिला काय करायचं ते सांगतोय, आपण दुसरे होतो. तिने नाही ऐकलं की आपण चिडतो, येणं-जाणं कमी करतो आणि नवऱ्याचं तिला एकटं पाडायचं काम आपणच करून देतो. त्यापेक्षा तुम्ही स्वतः जे पाहिलं तेवढंच सांगा. “वहिनी, परवा जेवताना ते तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले ते मी ऐकलं. मला ते बरं नाही वाटलं.” एवढं ऐकल्यावर ती त्याचीच बाजू घेईल, कदाचित तुमच्यावर रागावेलही. तरी बोलणं तोडू नका, सणाला डबा पाठवत राहा, हाक मारत राहा. फोन करायचा तर आधी विचारून ठेवा, कुठल्या वेळी केलेला बरा, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं. तिचे कागद ठेवायला जागा देणार असाल तर त्याचा उल्लेख मेसेजमध्ये करू नका.